मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका व उपमुख्याध्यापिका नेमताना : नियम, पात्रता आणि प्रस्तावाची कागदपत्रे

महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांमध्ये मुख्याध्यापकाची नेमणूक संस्थेच्या मर्जीवर चालत नाही. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 आणि त्याखालची 1981 ची नियमावली यांनी ती बांधून दिलेली आहे. सर्वसाधारण नियम असा : पात्रता पूर्ण करणारा, सेवेची नोंद समाधानकारक असलेला सर्वांत ज्येष्ठ शिक्षक मुख्याध्यापक होतो. एका संस्थेच्या अनेक शाळा असतील तर रात्रशाळा वगळून त्या सर्व शाळांतल्या शिक्षकांची ज्येष्ठता एकत्र पाहिली जाते.

मुलींच्या शाळेला नियम 3 मध्ये यातून एक सवलत आहे. पुरुष शिक्षक ज्येष्ठ असले तरी संस्था पात्र शिक्षिकांपैकी सर्वांत ज्येष्ठ शिक्षिकेला नेमू शकते. ही मुभा आहे, आणि तिची मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. सवलत मिळते ती फक्त पुरुष सहकाऱ्यांच्या तुलनेतल्या ज्येष्ठतेपुरती. पात्रतेच्या अटी तशाच राहतात आणि शिक्षिकांमधला आपापसातला क्रमही मोडता येत नाही.

उदाहरण घेऊ. संस्थेच्या यादीत क्रमाने दोन शिक्षक, मग एक शिक्षिका, मग दुसरी शिक्षिका अशी चार नावे आहेत आणि चौघेही पात्र आहेत. कन्या शाळेसाठी तिसऱ्या क्रमांकाच्या शिक्षिकेला नेमता येईल. चौथीला नेमायचे तर तिसरीने हक्क सोडलेला असला पाहिजे किंवा ती अपात्र असली पाहिजे. ‘चौथी जास्त कार्यक्षम आहे’ हे कारण चालत नाही. मागे राहिलेल्या दोन शिक्षकांचे यादीतले स्थानही हलत नाही. संस्थेच्या दुसऱ्या, सहशिक्षणाच्या शाळेत जागा निघाली की पहिला हक्क त्यांचाच.

आधी एक खात्री करा. शाळेच्या मान्यता आदेशात ती ‘मुलींची शाळा’ म्हणून नोंदलेली आहे का? पाटीवर ‘कन्या विद्यालय’ लिहिले आहे, पण मध्यंतरी मुलांनाही प्रवेश देण्याची परवानगी घेतली गेली, असे असेल तर सवलतीचा पायाच डळमळतो.

पात्रता

माध्यमिक शाळेसाठी पदवी, बी.एड. किंवा शासनाने समकक्ष मानलेली अर्हता, आणि पदवीनंतर माध्यमिक शाळेतला किमान 5 वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो. त्यातली किमान 2 वर्षे बी.एड. नंतरची हवीत. गफलत होते ती याच दोन वर्षांत. समजा, एक शिक्षिका पदवीधर म्हणून जून 2012 मध्ये पूर्णवेळ रुजू झाली आणि बी.एड. मे 2016 मध्ये झाले. जून 2017 ला तिची 5 वर्षे भरतात, पण बी.एड. नंतरचे एकच वर्ष झालेले असते. ती पात्र ठरते 2018 च्या उन्हाळ्यात. अर्धवेळ काम केलेली किंवा पदवीआधीची वर्षे पूर्णवेळ अनुभवात धरून शिक्षणाधिकाऱ्यांकडे मान्यतेचा प्रस्ताव पाठवला की तो त्रुटी लागून परत येतो.

प्राथमिक शाळेला निकष वेगळे आहेत. तिथे प्रशिक्षित शिक्षकांतली ज्येष्ठता पाहतात आणि 200 पेक्षा जास्त पट असलेल्या शाळेसाठी किमान 5 वर्षांची सेवा लागते.

उपमुख्याध्यापिकेचे पद आधी संचमान्यतेत (शाळेला किती आणि कोणती पदे मंजूर आहेत हे सांगणाऱ्या शिक्षण विभागाच्या आदेशात) मंजूर असले पाहिजे. मंजूर नसताना संस्थेने दिलेले पदनाम फक्त कागदावर राहते, त्याची वेतनश्रेणी मिळत नाही. पद असेल तर पात्रता आणि ज्येष्ठता वरच्याच पद्धतीने तपासावी. उपमुख्याध्यापिका आहे म्हणून ती आपोआप मुख्याध्यापिका होते, असा समज शाळांमध्ये फार आहे. प्रत्यक्षात मुख्याध्यापकाची जागा रिकामी होते तेव्हा ज्येष्ठता यादी पुन्हा उघडावीच लागते.

ज्येष्ठता यादी : सगळे भांडण इथेच

यादी नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ प्रमाणे करायची. माध्यमिक शिक्षकांसाठी तिच्यात अर्हतेनुसार प्रवर्ग आहेत आणि पदवीधर बी.एड. शिक्षक ‘क’ प्रवर्गात येतात. त्यामुळे शाळेत रुजू झाल्याची तारीख जुनी असली तरी बी.एड. उशिरा केलेल्या शिक्षिकेची ‘क’ प्रवर्गातली ज्येष्ठता त्या प्रवर्गात आल्यापासून धरतात. नुसत्या रुजू तारखेवर केलेली यादी हमखास चुकते.

नियम 12 प्रमाणे यादीची प्रत प्रत्येकाला देऊन पोच म्हणून सही घ्यायची, हरकती मागवायच्या आणि त्यांचा विचार करायचा. वाद मिटला नाही तर तो निर्णयासाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. हे काम दरवर्षी करावे. निवृत्तीचे वय 58 असल्याने जागा कधी रिकामी होणार हे आधीच ठाऊक असते. तरीही अनेक संस्था शेवटच्या महिन्यात यादी काढतात, हरकत येते आणि वर्षभर प्रभारी मुख्याध्यापिकेवर कारभार चालतो.

क्रम आणि कागद

संस्थेच्या कार्यकारिणीची सभा रीतसर नोटिसीने बोलवावी आणि विषयपत्रिकेत नेमणुकीचा विषय असावा. ठरावात पद रिकामे होण्याचे कारण व तारीख, यादीतील क्रम आणि मुलींच्या शाळेची तरतूद वापरत असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. ‘सर्वानुमते योग्य उमेदवाराची निवड’ एवढ्या ओळीवर ठराव टिकत नाही. नियुक्ती आदेश अनुसूची ‘ड’ च्या नमुन्यात द्यावा. त्यानंतर रुजू अहवाल, पदभार देवघेव यादी (जनरल रजिस्टर, सेवापुस्तके, रोकडवही, जडसंग्रह म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) आणि मग शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे मान्यतेचा प्रस्ताव. प्रस्तावाला साधारणपणे हे जोडतात :

- शाळेचा मान्यता आदेश आणि चालू संचमान्यता
- आधीच्या मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचा किंवा राजीनाम्याचा कागद
- सह्यांसह ज्येष्ठता यादी, हरकती आणि त्यांवरील निर्णय
- सभेची नोटीस व ठरावाची प्रत
- शिक्षिकेची पदवी व बी.एड. ची प्रमाणपत्रे, पहिली मान्यता, सेवापुस्तकाचा उतारा
- गोपनीय अहवाल
- हक्क सोडलेल्यांची पत्रे
- विश्वस्तांची नावे दाखवणारा धर्मादाय कार्यालयाचा अनुसूची 1 चा उतारा

शेवटचा कागद किरकोळ वाटतो, पण संस्थेत दोन गट असतील आणि विश्वस्तांमधल्या बदलाची नोंद घेण्याचा अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित असेल, तर प्रस्तावावर सही कोणाची ग्राह्य धरायची इथेच गाडी अडते.

हक्क सोडल्याचे पत्र स्वेच्छेने दिलेले, कोणत्या पदासाठी व कोणत्या रिक्त जागेसाठी हे लिहिलेले असावे. ते दबावाखाली दिलेले नाही याची शिक्षणाधिकारी खात्री करून घेतात. नोकरीला लागतानाच ‘पुढे हक्क सांगणार नाही’ असे लिहून घेतलेले पत्र फाइलला लावू नये, ते उलट अंगावर येते.

‘सेवा समाधानकारक नाही’ म्हणून ज्येष्ठ शिक्षिकेला वगळायचे असेल तर प्रतिकूल शेरे तिला वेळेत लेखी कळवलेले असले पाहिजेत. गोपनीय अहवाल लिहिलेच नाहीत किंवा शेरे कळवलेच नाहीत, तर नियमानुसार काम समाधानकारक मानले जाते.

मान्यता आल्यावर सहीचा नमुना आणि शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीतली नोंद लगेच बदलून घ्यावी, नाहीतर सगळ्या शाळेचे पगारबिल अडकते.

अल्पसंख्याक शाळा आणि अपील

अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेला मुख्याध्यापक नेमताना हे ज्येष्ठतेचे बंधन नाही. कायद्याच्या कलम 3 मध्येच ती सूट आहे.

पदोन्नतीत डावलल्या गेलेल्या शिक्षकाला किंवा शिक्षिकेला कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मुदत आदेश मिळाल्यापासून 30 दिवस. कन्या शाळेतल्या पुरुष शिक्षकाने ‘मी ज्येष्ठ आहे’ एवढ्यावरच अपील केले तर त्यात फारसा दम नसतो. नेमलेली शिक्षिका अपात्र आहे किंवा शाळा मुळात मुलींचीच नाही, हे मुद्दे मात्र वजनाचे. शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन उत्तराची वाट पाहण्यात ते 30 दिवस निघून जातात, म्हणून अर्ज आणि अपिलाची तयारी एकाच वेळी करावी.