७०९ धरपकड (चीनमधले बेपत्ता केलेले वकील आणि बंद दाराआडचे खटले)

७०९ धरपकड म्हणजे ९ जुलै २०१५ पासून चीनमध्ये मानवाधिकार वकील, त्यांचे सहाय्यक आणि कार्यकर्ते यांना देशभरातून उचलायची जी मोहीम सुरू झाली ती. नाव तारखेवरूनच पडलं, सातवा महिना नववा दिवस. पुढच्या काही आठवड्यांत ३०० च्या वर लोकांना ताब्यात घेतलं, चौकशीला नेलं किंवा दम देऊन सोडलं. बरेच जण लवकर सुटले, पण काहींचा महिनोन् महिने ठावठिकाणा नव्हता आणि ही नोंद मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

सुरुवात झाली बीजिंगच्या वकील वांग यू यांच्यापासून. त्या रात्री त्यांचा नवरा आणि मुलगा विमानतळावर गेलेले, मुलाला ऑस्ट्रेलियाला शिकायला जायचं होतं, तर दोघांचे फोन लागेनात, इकडे घरातले दिवे गेले, इंटरनेट गेलं आणि पहाटे कोणीतरी दाराच्या कुलपाशी खटपट करतंय असा आवाज यायला लागला. त्यांनी ओळखीच्या लोकांना मेसेज टाकला आणि त्यानंतर त्या गायब. उइगुर (चीनच्या वायव्येकडचा मुस्लिम समाज) प्राध्यापक इल्हाम तोहती यांची केस त्यांनी लढवली होती आणि मानवाधिकार कार्यकर्त्या त्साओ शुनली यांचीही. या त्साओबाई सप्टेंबर २०१३ मध्ये जिनिव्हाला मानवाधिकारांच्या प्रशिक्षणाला निघाल्या असताना बीजिंग विमानतळावरून गायब झाल्या, कोठडीत तब्येत ढासळत गेली, उपचार वेळेवर मिळाले नाहीत आणि मार्च २०१४ मध्ये त्या वारल्या. म्हणजे उचललेल्या माणसाचं काय होऊ शकतं हे वांग यू यांनी अगदी जवळून पाहिलेलं होतं.

चिनी लोक याला 'बेई शीझोंग' म्हणतात. शीझोंग म्हणजे बेपत्ता होणं आणि बेई लागलं की कर्मणी प्रयोग होतो, म्हणजे माणूस हरवला नाही, त्याला हरवलं गेलं. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण आपल्याकडे नुसतं 'बेपत्ता' म्हटलं की करणारा कोण ते वाक्यातूनच निसटून जातं. असाच दुसरा शब्द 'चहा प्यायला बोलावणं', म्हणजे पोलिसांनी समज द्यायला बोलावणं. ही झाली पहिली पायरी, उचलणं त्याच्या पुढची.

आता हे सगळं कायद्याबाहेर चालतं असं वाटेल तर तसं नाहीये, आणि खरी भीती तिथेच आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चीनच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात कलम ७३ आलं (२०१८ पासून ते ७५ झालं), त्यानुसार राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोचवल्याचा संशय असेल तर माणसाला पोलीस कोठडीऐवजी 'ठरवून दिलेल्या जागी निवासी देखरेखीखाली' सहा महिने ठेवता येतं. निवासी म्हणजे स्वतःच्या घरी नाही हं, एखादं गेस्टहाऊस, पोलिसांचं ट्रेनिंग सेंटर किंवा खास त्यासाठी बांधलेली इमारत. वकिलाला भेटू देत नाहीत. घरच्यांना कळवायचं असं कायदा म्हणतो, पण कुठे ठेवलंय ते सांगायचं बंधन त्यात नाही. सुटून आलेल्यांनी जे सांगितलं ते बरंचसं सारखंच आहे: भिंतींना गादीसारखं अस्तर, पडदे कायम बंद, दिवा चोवीस तास चालू, आणि दोन पहारेकरी झोपेतसुद्धा जवळून बघत बसलेले. हुनानचे वकील शिए यांग यांनी सांगितलं की त्यांना एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या स्टुलांवर रोज कित्येक तास बसवायचे, पाय जमिनीला टेकायचे नाहीत, लोंबकळून सुजायचे. साधं प्लास्टिकचं स्टूल, आपल्याही घरात असतं तसं.

मग टीव्हीवरचा कबुलीजबाब. वांग यू २०१६ मध्ये पडद्यावर दिसल्या, आपल्या कामाबद्दल पश्चात्ताप व्यक्त करताना. नंतर त्यांनीच सांगितलं की मुलासाठी कबूल झाले, वाक्यं आधी दिलेली होती.

सगळ्यात लांबलेली केस वांग च्युआनजांग यांची. फालुन गोंग या चीनमध्ये बंदी असलेल्या आध्यात्मिक पंथाच्या लोकांचे, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे खटले लढवणारा हा वकील ऑगस्ट २०१५ मध्ये उचलला गेला आणि जुलै २०१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं, तो जिवंत आहे की नाही हेसुद्धा घरी माहीत नव्हतं. बायको ली वेन्झू यांनी दुसऱ्या वकिलांच्या बायकांसोबत दारोदार खेटे घातले, लाल कपडे घालून, हातात लाल प्लास्टिकच्या बादल्या घेऊन त्या तियानजिनच्या सरकारी वकिलांच्या कचेरीपुढे जाऊन उभ्या राहायच्या आणि बादल्यांवर नवऱ्यांसाठी पाठिंब्याचे शब्द लिहिलेले असायचे. फलक धरला तर निदर्शन म्हणून पकडतील, बादली धरली म्हणून काय करणार! १००० दिवस झाले तेव्हा एप्रिल २०१८ मध्ये ली वेन्झू बीजिंगहून तियानजिनला पायी निघाल्या, अंतर १०० किलोमीटरच्या वर. डिसेंबरमध्ये चौघींनी डोकं भादरलं. चिनी भाषेत 'केस नसणे' आणि 'कायदा नसणे' याचा उच्चार जवळपास एकच, 'वूफा', त्यामुळे आमचे केस गेले तरी चालतील पण तुमचा कायदा जाऊन चालणार नाही, असा त्याचा अर्थ.

खटला २६ डिसेंबर २०१८ ला तियानजिनच्या दुसऱ्या मध्यम न्यायालयात झाला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा परदेशी वकिलातींमध्ये सुट्टीचा मूड असतो. देशाच्या गुपितांचा प्रश्न आहे म्हणून बंद दाराआड. पत्रकार आणि वकिलातींचे अधिकारी बाहेर थांबलेले, ली वेन्झू यांना तर घराबाहेरच पडू दिलं नाही. आरोपीने सरकारने दिलेल्या वकिलाला सुरुवातीलाच नाकारलं. एका दिवसात काम संपलं आणि २८ जानेवारी २०१९ ला साडेचार वर्षांची शिक्षा जाहीर झाली, गुन्हा काय तर 'राज्यसत्ता उलथवणे'. चीनमध्ये फौजदारी खटल्यात दोषी ठरण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर आहे, त्यामुळे बंद दाराआड काय ठरणार हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण पुरावा काय होता हे ऐकायचा हक्क तरी बायकोला हवा होता.

हीच पद्धत पुढेही चालू राहिली. डिसेंबर २०१९ मध्ये शियामेनला काही कार्यकर्ते घरगुती बैठकीला जमले, त्यावरून वकील डिंग ज्याशी लगेच आणि कायद्याचे अभ्यासक शू झियोंग फेब्रुवारी २०२० मध्ये पकडले गेले. जून २०२२ मध्ये शांडोंगच्या एका तालुका कोर्टात गुप्त खटले झाले आणि एप्रिल २०२३ मध्ये शू यांना १४, डिंग यांना १२ वर्षं.

सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा, लागू झाला २०१० मध्ये. चीनने त्यावर सही केलेली नाही. भारताने २००७ मध्ये केली पण त्याला मंजुरी अजून दिलेली नाही.

ली वेन्झू यांना नवरा दिसला जून २०१९ मध्ये, लिनयीच्या तुरुंगात काचेपलीकडे, चार वर्षं व्हायला आली होती. बाहेर येऊन त्या म्हणाल्या की तो लाकडाच्या बाहुल्यासारखा वाटला, पढवलेलं बोलतोय असा. तो एप्रिल २०२० मध्ये सुटला, आधी क्वारंटाइनच्या नावाखाली जिनानला नेलं, महिनाअखेरीस घरी सोडलं. त्यानंतर बीजिंगमध्ये भाड्याचं घर टिकेना, २०२३ मध्ये वीज आणि गॅस तोडले, घरमालकांवर दबाव, एक जागा सोडून दुसरी, आणि मुलाला शाळा मिळणं अवघड झालं.