किर्लोस्करवाडी

किर्लोस्करवाडी हे सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं छोटंसं कारखान्याचं गाव, पुणे-मिरज रेल्वेलाईनवर. नावात वाडी असली तरी ही वाडी कुठल्या मोठ्या गावातून फुटून निघालेली नाही. बाकीच्या गावांत आधी वस्ती असते मग देऊळ पार बाजार आणि कधीतरी खूप उशिरा एखादा कारखाना येतो, इथे आधी कारखाना आला आणि कामगारांना कुठेतरी राहायला पाहिजे म्हणून गाव झालं. गावाची जन्मतारीखही त्यामुळे पक्की सांगता येते, 10 मार्च 1910. किती गावांना आपली जन्मतारीख माहीत असते?

गोष्ट सुरू होते बेळगावात. कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर (1869-1956) मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही तिथलेच, त्यामुळे एक नाटकवाले आणि एक नांगरवाले यात लोकांचा गोंधळ होतो तो बरोबरच आहे म्हणा. लक्ष्मणराव मुंबईला जे.जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आल्यावर रंगकाम सोडून मेकॅनिकल ड्रॉइंगकडे, म्हणजे यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. तिथे हक्काची बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडली. मधल्या काळात बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान सुरू झालेलंच होतं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा विकायचे, आणि सायकल चालवायला शिकवायचे वेगळे 15 रुपये घ्यायचे. तेव्हाचे 15 रुपये म्हणजे विचार करा.

पुढे सायकलीवरून गाडी कडबा कापायच्या यंत्रावर आणि लोखंडी नांगरावर आली. हा नांगर समजल्याशिवाय किर्लोस्करवाडी कळत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. जुना लाकडी नांगर जमीन चिरत जायचा, ओळ पडायची पण माती तिथल्या तिथेच राहायची. लोखंडी नांगराच्या फाळामागे एक बाक दिलेला पत्रा असतो, त्यावरून ढेकूळ वर चढतं आणि उलटं होऊन बाजूला पडतं, म्हणजे खालची माती वर येते आणि हरळी कुंदा असलं हट्टी तण मुळासकट उघडं पडून उन्हात वाळतं. काळ्या रानात ही फार मोठी गोष्ट. पण शेतकऱ्यांना पटेना, लोखंडाने जमिनीला विष चढतं असा समज होता. तयार नांगर दोन वर्षं तसेच पडून राहिले. आज यावर हसणं सोपं आहे, पण ज्याच्याकडे वर्षाला एकच पीक आहे त्याने नव्या अवजारावर आपलं रान का पणाला लावावं हेही बघायला पाहिजे.

त्यात बेळगाव नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितली, शहर वाढवायचं होतं. म्हणजे कारखाना, माणसं, भट्टी सगळं उचलायचं पण ठेवायचं कुठे? त्या वेळी औंधला, म्हणजे साताऱ्याकडच्या छोट्या संस्थानात, राजेसाहेबांचं एक बांधकाम लक्ष्मणरावांकडे होतं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते, एकूणच हौशी संस्थानिक. त्यांनी 32 एकर माळ दिला आणि वर 10,000 रुपयांचं कर्ज दिलं. औंध संस्थान सलग नव्हतं, ब्रिटिश मुलखात विखुरलेले तुकडे होते, आणि हा तुकडा नेमका कुंडल रोड स्टेशनाला लागून. जागा म्हणजे निवडुंगाचं रान, त्यात नाग. पण रूळ शेजारी होते. कच्चं लोखंड आत यायला आणि नांगर बाहेर जायला याहून सोयीचं काय असणार, बैलगाडीने एवढं वजन हलवायचं म्हटलं असतं तर धंदा तिथेच संपला असता.

पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं पहिल्यांदा इथे आली. सगळे एकत्र निवडुंग तोडत होते, साप मारत होते, राहायची घरं उभी करत होते. गावाची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी बघितला, शंभोराव जांभेकर इंजिनाचं बघायचे, मंगेशराव रेगे हिशेबाला, आणि शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर यंत्रं जुळवण्यात वस्ताद. राखणीला होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघंही दरोड्याची शिक्षा झालेले. दरोडेखोरांच्या हातात कारखान्याच्या किल्ल्या! पण ते विश्वासाला उतरले. पुढे याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची मोकळी वसाहत निघाली, तीही असाच विश्वास टाकून. अस्पृश्यता वाडीत चालणार नाही असं लक्ष्मणरावांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. 1910 सालच्या मानाने हे बोलायला सोपं आणि पाळायला भयंकर अवघड.

काम मुख्यतः ओतकामाचं. फौंड्री कधी जवळून बघितली नसेल तर थोडक्यात असं, आधी लाकडाचा नमुना करायचा, तो ओलसर वाळूत ठोकून ठोकून दाबायचा, मग अलगद काढायचा म्हणजे वाळूत त्याची पोकळी राहते, त्या पोकळीत भट्टीतलं वितळलेलं बीड म्हणजे ओतीव लोखंड ओतायचं, आणि गार झालं की साचा फोडून वस्तू बाहेर काढून कानशीने कडा साफ करायच्या. सगळी हुशारी वाळूत. पाणी जास्त झालं तर वाफ कोंडून वस्तूत फुगे धरतात, कमी झालं तर साचा ढासळतो, आणि वाळू मुठीत दाबून बोटांनी अंदाज घेणारा माणूसच तिथे खरा इंजिनिअर.

कारखान्यात काय काय बनलं ते क्रमाने बघितलं तर मजेशीर आहे. कडबा कापायचं यंत्र, नांगर, उसाचा चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, हातपंप, मग 1926 च्या सुमाराला सेंट्रिफ्यूगल (आतल्या फिरत्या चाकाने पाणी फेकणारा) पंप, पुढे डिझेल इंजिन आणि धातू कातायचं लेथ. शेतकऱ्याच्या दिवसात जे जे काम कंबर मोडायचं त्याच्यावर एकेक यंत्र. माझ्या मते या कारखान्याचं खरं वेगळेपण इथे आहे, मुंबई-सोलापूरच्या गिरण्या सूत-कापड काढून बाजारात पाठवत होत्या आणि हा कारखाना आसपासच्या रानात काय अडतंय ते बघून माल काढत होता. मंदीच्या दिवसांत मात्र शेतीमालाचे भाव पडले तसा नांगराचा खपही पडला, मग लोखंडी कपाटं खुर्च्याही बनवल्या. गिऱ्हाईक शेतकरी असलं की पाऊस आणि बाजारभाव दोन्ही कारखान्याच्या वहीत येतात.

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं.वा.कि., यांनी कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला 'किर्लोस्कर खबर' काढलं. नांगराच्या जाहिरातीसाठी निघालेलं पत्रक, ते पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, मग 1930 ला 'स्त्री' आणि 1934 ला 'मनोहर'. शहराचं तोंड न बघितलेल्या माळावर छापखाना, आणि तिथून निघालेल्या मासिकांत बायकांचं शिक्षण, विधवांचे प्रश्न, बुवाबाजी यावर सडेतोड लिहिलेलं असायचं. पंपाचं नाव ज्यांनी ऐकलं नव्हतं अशा घरांतही ही मासिकं पोचली. पुढे मासिकं पुण्याला गेली.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन 1926 ला वाडीला परत आले. पुढे धंद्याचा पसारा वाडीबाहेर गेला, 1941 ला हरिहरला मशीन टूल्स, 1946 ला पुण्याला ऑइल इंजिन आणि बंगलोरला इलेक्ट्रिक मोटारी.

याच काळात शेजारचं कुंडल वेगळ्याच कारणाने गाजत होतं. 1942 नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारचं हे मोठं केंद्र, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या चळवळीतले जी.डी. बापू लाड कुंडलचेच, आणि प्रतिसरकारच्या तूफान सेनेने 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची गाडी अडवून खजिना लुटला तो याच रेल्वेलाईनवर. संस्थानी हद्द आणि इंग्रजी हद्द अशी सरमिसळ असल्याने भूमिगतांना लपायला बरं पडायचं. ज्या तुकड्या-तुकड्यांच्या संस्थानामुळे कारखान्याला जागा मिळाली त्याच तुकड्यांनी क्रांतिकारकांनाही आसरा दिला हे इतिहासात सहसा एकत्र सांगितलं जात नाही.

1948 चं पान काळं आहे. गांधीजींच्या खुनानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले, त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. चाळीस वर्षं ज्या रानांसाठी नांगर ओतले त्याच पंचक्रोशीत ही आग लागली, आणि रोजगार बुडाला तो सगळ्या जातींच्या कामगारांचा. कारखाना परत उभा केला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

कऱ्हाडजवळ ओगलेवाडी आहे, तिथला काचकारखाना आणि प्रभाकर कंदील एकेकाळी घराघरात होता. आज कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन तिथे आहे पण कंदिलाचा जमाना गेला. किर्लोस्करवाडीचं तसं झालं नाही कारण पंपाचा जमाना गेला नाही. कुंडल रोडचं स्टेशन आता किर्लोस्करवाडी नावानेच आहे, मीटरगेजची लाईन ब्रॉडगेज झाली, आणि कारखान्यात अजून पंप बनतात, विहिरीवरच्या छोट्या पंपापासून पाणीयोजनांच्या भल्यामोठ्या पंपांपर्यंत. आजूबाजूला मात्र निवडुंगाच्या जागी ऊस आणि द्राक्षबागा आहेत, कृष्णेचं पाणी पंपाने वर चढवून भिजवलेल्या.