सिंक आणि मर्ज: फाइल पोहोचली म्हणजे बदल जुळले असं नाही

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणपतीची वर्गणी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिली जाते. एका ओळीत खोली नंबर, नाव, रक्कम. फाइल सहा कार्यकर्त्यांकडे सिंक होते. एका रविवारी एक जण दुसऱ्या मजल्यावर दारोदार फिरून नोंदी करत होता. त्याच वेळी दुसरा विरार गाडीत, फोनला रेंज नसताना, चाळ सोडून उपनगरात गेलेल्या घरांची नावं भरत होता. सोमवारी यादीतून अकरा नावं गायब. "अरे, पण सिंक चालू होतं ना?" सगळ्यांनी हेच विचारलं. सिंक चालूच होतं आणि त्याने आपलं कामही चोख केलं होतं. आम्हाला हवं होतं मर्ज, म्हणजे दोघांचे बदल एकाच फाइलमध्ये एकत्र करणं.

सिंकचं काम एवढंच की इथली फाइल आणि तिथली फाइल एकसारखी करायची. आतल्या ओळींचा अर्थ त्याला कळत नाही, कळायची गरजही नाही. दोन्हीकडे बदल झाला असेल तर त्याच्यापुढे दोनच वाटा असतात: एक प्रत ठेवून दुसरी पुसायची, नाहीतर दोन्ही ठेवायच्या. सिंकथिंग हे फाइली सिंक करणारं सॉफ्टवेअर दुसरी वाट धरतं. ज्या प्रतीत शेवटचा बदल आधी झालाय, तिच्या नावाला ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख-वेळ जोडून ती बाजूला ठेवतं. आमची अकरा नावं अशाच एका बाजूला पडलेल्या प्रतीत सापडली. फोल्डरमध्ये ती सगळ्यांसमोर होती, कोणी उघडली नव्हती.

गोंधळ होतो तो ‘फक्त बदललेला भाग पाठवला जातो’ या वाक्यामुळे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली आणलेलं आरसिंक हे फाइली पाठवणारं साधन याच युक्तीसाठी ओळखलं जातं: फाइलचे तुकडे ताडून बघायचे आणि जे वेगळे आहेत तेवढेच धाडायचे. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे माझा बदल आणि तुझा बदल एकत्र होत असणार. तसं होत नाही. तुकडे पाठवणं ही फक्त डेटाची बचत आहे. शेवटी पलीकडे तयार होते ती पाठवणाऱ्याच्या फाइलची हुबेहूब नक्कल, आणि पलीकडच्याने मधल्या काळात लिहिलेलं त्यात नसतं.

मर्जला दोन प्रती पुरत नाहीत, तीन लागतात. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माझ्या प्रतीत खोली १४ ची ओळ आहे, तुमच्या प्रतीत नाही. ती मी घातली की तुम्ही खोडली? नुसत्या दोन प्रतींकडे बघून जगातला कुठलाही प्रोग्राम हे सांगू शकणार नाही. दोघांनी जिथून सुरुवात केली ती जुनी प्रत हाताशी असली की उत्तर लगेच मिळतं: तिच्यात ती ओळ असेल तर तुम्ही खोडली, नसेल तर मी घातली. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या जगातला डिफ-थ्री हा प्रोग्राम हेच करतो. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेलं गिट हे बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअरही प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवत असल्यामुळे ती समाईक जुनी प्रत स्वतःच शोधून काढतं. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळा बदल केला असेल तर गिट निवाडा करत नाही. दोन्ही मजकूर खुणा घालून समोर ठेवतं आणि माणसाला विचारतं. दोघांनीही फाइलच्या शेवटी नवी ओळ जोडली तरी हेच होतं. वर्गणीच्या यादीत तर सगळे शेवटीच लिहितात.

तरीही मर्जवर डोळे मिटून विसंबू नका. समजा फाइलच्या वर ‘एकूण ४८,०००’ अशी ओळ आहे. मी पहिल्या मजल्याखाली ५०१ ची नोंद घातली, तुम्ही तिसऱ्याखाली ५०१ ची, आणि दोघांनीही एकूण ४८,५०१ केलं. मर्जला दिसतं की एकूणच्या ओळीत दोघांनी तोच बदल केलाय, म्हणजे वाद नाही. तो बदल कसलीही सूचना न देता स्वीकारला जातो. खरी बेरीज मात्र ४९,००२ असते. मर्जला ओळी कळतात, हिशोब कळत नाही.

गूगल डॉक्ससारख्या ठिकाणी सगळे एकाच वेळी टाइप करतात, तिथे काम अक्षराच्या पातळीवर चालतं. क्लॅरन्स एलिस आणि सायमन गिब्स यांनी १९८९ साली मांडलेली कल्पना त्यामागे आहे. तुम्ही सुरुवातीला एक अक्षर घातलंत, तर माझी ‘दहावं अक्षर खोड’ ही सूचना तुमच्याकडे पोहोचताना ‘अकरावं खोड’ होते. हेही मर्जच, फक्त क्षणाक्षणाला होणारं.

आम्ही आता प्रत्येक मजल्याची वेगळी फाइल केली आहे, उपनगरातल्या घरांची आणखी एक. एका फाइलमध्ये एकच जण लिहितो, बाकीचे फक्त वाचतात. त्यामुळे वर्गणीसाठी साधं सिंक पुरतं. ‘एकूण’ची ओळ काढून टाकली, बेरीज सगळ्या फाइली एकत्र वाचून होते. विसर्जनाच्या दिवशीच्या कामांची फाइल मात्र सहाही जण बदलतात. ती गिटमध्ये ठेवली आहे, आणि तिथे दोन बदल अडकले की ते दोघं जिन्यात भेटून ठरवतात.