पाणीटंचाई

पिण्यासाठी, घरवापरासाठी, जनावरांना आणि शेतीला लागणारे पाणी पुरेसे, वेळेवर आणि वापरण्याजोगे न मिळणे म्हणजे पाणीटंचाई. स्वीडिश जलतज्ज्ञ मालिन फाल्कनमार्क यांच्या निकषानुसार वर्षाला दरडोई १,७०० घनमीटरपेक्षा कमी पाणी असल्यास ताण आणि १,००० घनमीटरपेक्षा कमी असल्यास टंचाई मानली जाते. भारताची सरासरी २०११ मध्ये १,५४५ घनमीटर होती. मात्र गावाच्या विहिरीत मे महिन्यात काय उरते, हे अशा सरासरीतून कळत नाही.

पाणीच मुळात कमी असेल तर ती नैसर्गिक टंचाई. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिमीहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने तिथे तो जेमतेम ५०० मिमीच्या आसपास असतो. त्यात राज्याच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली बेसाल्टचा कठीण खडक आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरातच काय ते पाणी मुरते. हा साठा उथळ असल्याने उपसा वाढला की लवकर संपतो. विहीर आटली म्हणून बोअर घ्यायचे, ते कोरडे गेले की आणखी खोल जायचे, या चढाओढीत शेजारच्या विहिरीही आटतात. पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक उद्भव वाचवण्यासाठी राज्याने १९९३ मध्ये कायदा केला. पण बोअरच्या गाड्यांना त्याने फारसा आळा बसला नाही.

पीकपद्धतीचा वाटाही मोठा आहे. मांजरा खोरे अवर्षणप्रवण असूनही तिथे ऊस आणि साखर कारखाने वाढत गेले. मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. या संकटाला केवळ पावसाची तूट म्हणणे म्हणजे माणसाच्या निर्णयांवर पांघरूण घालणे होय.

पाणी आहे, पण ते पोहोचवणारी व्यवस्था नाही किंवा त्यावरचा हक्क दुसऱ्याचा आहे, तेव्हा आर्थिक टंचाई म्हणतात. ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका हे याचे सर्वांत बोचणारे उदाहरण. पाऊस कोकणातला, भरपूर. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच तालुक्यात. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जाते. तरीही उतारावरच्या पाड्यांतल्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. टँकर आला की तो विहिरीतच रिकामा करतात आणि काठावर थांबलेल्या बायका दोरी-पोहऱ्याने ते पाणी पुन्हा वर शेंदतात. तळाचा गाळ ढवळला जातो, म्हणून हंड्याच्या तोंडाला फडके बांधून ते गाळून घ्यावे लागते.

गुणवत्तेची टंचाई डोळ्यांना दिसत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजल आहे, पण खारट. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत त्यात फ्लोराइड जास्त आहे.

प्रशासन ऑक्टोबर ते जून या काळासाठी तिमाहीवार टंचाई कृती आराखडा तयार करते. विंधन विहिरींची दुरुस्ती, खासगी विहिरींचे अधिग्रहण, तात्पुरत्या पूरक नळयोजना आणि शेवटी टँकर, असे त्यातले उपाय असतात. यांतले अधिग्रहण आणि टँकर पावसाळा लागला की बंद होतात.