उसाच्या चिपाडापासून प्लास्टिक: सगळा खेळ पाण्याच्या एका रेणूचा

पारदर्शक कपावर हिरवं पान छापलेलं असतं आणि खाली ‘वनस्पतीजन्य, विघटनशील’ असं लिहिलेलं असतं. ज्यूस संपला की तो कप गच्चीवरच्या खतकुंडीत टाकायचा, भाजीच्या देठांबरोबर तोही मातीत मिसळून जाईल, असा अनेकांचा समज असतो. सहा महिन्यांनी कुंडी उपसावी तर देठांचं काळंभोर खत झालेलं असतं आणि कप मात्र जसाच्या तसा हाती येतो, फार तर थोडा धुरकटलेला. मग लोक म्हणतात, ही फसवणूक आहे.

त्याच जातीच्या नव्या कपात उकळता चहा ओतून पाहा. बघता बघता कपाची भिंत मऊ पडते, कड एका बाजूला झुकते आणि कप खाली बसतो. कुंडीत तो कुजत नाही आणि चहा सोसत नाही, या दोन्हींच्या मुळाशी एकच आकडा आहे: साधारण ६० अंश सेल्सिअस. हा आकडा कुठून येतो ते कळलं, की शेतातल्या काडीकचऱ्यापासून प्लास्टिक करण्याचा धंदा कुठे चालेल आणि कुठे बसेल, हेही बरंचसं कळतं.

हे प्लास्टिक म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, धंद्यातल्या भाषेत पीएलए. दह्याला आंबटपणा देणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे हजारो रेणू एकापुढे एक जोडून त्याची साखळी होते. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर इथे २००२ पासून ते मोठ्या प्रमाणावर मक्याच्या स्टार्चपासून बनतं. थायलंडमध्ये रायोंगला उसाच्या साखरेपासून बनतं. पुण्याजवळ जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये उभा राहिला, तोही साखरेवरचाच. बाजारातलं जवळजवळ सगळं पीएलए आज असं थेट साखर किंवा स्टार्चपासून येतं. ‘कचऱ्यापासून प्लास्टिक’ हे वाक्य बातम्यांत जितक्या सहज येतं तितक्या सहज कारखान्यात येत नाही. कचऱ्यातली साखर बाहेर काढणं हेच पहिलं अवघड काम आहे.

उसाचं चिपाड घेऊ, कारखान्यातल्या भाषेत बगॅस. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो ओलं बगॅस निघतं आणि त्यात निम्मं पाणी असतं. कोरड्या भागात ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, २५ ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि २० ते २५ टक्के लिग्निन. सेल्युलोज ही ग्लुकोजचीच साखळी, पण या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की त्यांच्यात पाणीसुद्धा शिरत नाही. भोवती हेमिसेल्युलोजचं जाळं, आणि वर लिग्निनचा लेप. ऊस वाऱ्यात ताठ उभा राहतो तो याच बांधणीमुळे, आणि हीच बांधणी आपल्याला फोडायची असते.

त्यासाठी चिरडलेलं बगॅस साधारण १ टक्का सल्फ्युरिक आम्लात भिजवून दाबाखाली १५० ते १९० अंशांवर दहा ते तीस मिनिटं ठेवतात. हेमिसेल्युलोज विरघळून झायलोज नावाची साखर सुटते आणि सेल्युलोज उघडं पडतं. ताप कमी पडला तर पुढच्या पायरीत सेल्युलोज फोडणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइम्सना, आत वाट मिळत नाही. ताप जास्त झाला तर झायलोजचं फर्फ्युरल बनतं, ग्लुकोजपासून त्याच जातीचं एचएमएफ बनतं, आणि ही दोन्ही पुढच्या टाकीतल्या जिवाणूंना विषासारखी असतात. प्रयोगशाळेत छान चाललेली पद्धत मोठ्या टाकीत बिघडते ती बहुधा इथेच, कारण मोठ्या ढिगात उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही: कडेचं करपतं आणि मधलं कच्चं राहतं.

मग विकरं. ती येतात ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीपासून. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड कुजू लागलं, तेव्हा ही बुरशी हाती लागली. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि ते खाण्यात तिचा हात धरणारं फार कोणी नाही. ५० अंश, पीएच ५ च्या आसपास, ४८ ते ७२ तास, आणि सेल्युलोजचं ग्लुकोज होतं. बगॅस पाणी स्पंजासारखं पितं. लगद्यात कोरडा भाग वीस टक्क्यांच्या वर गेला की ढवळणारी पाती नुसती खड्डा करून फिरत राहतात. पाणी वाढवलं तर साखरेचं द्रावण पातळ होतं आणि ते पाणी पुढे पैसे खर्चून काढावं लागतं.

पुढची पायरी प्रत्येक घरात माहीत आहे: विरजण. दुधातल्या साखरेचं आम्ल करणाऱ्या जिवाणूंचेच भाऊबंद इथे ग्लुकोज खातात. दही एका मर्यादेपुढे आंबट होत नाही, कारण आपणच केलेल्या आम्लात जिवाणू मंदावतात. टाकीत तसं होऊ नये म्हणून चुना घालत राहतात. आम्लाचं कॅल्शियम लॅक्टेट होतं, शेवटी सल्फ्युरिक आम्ल घालून लॅक्टिक आम्ल परत सोडवतात आणि तळाशी जिप्सम बसतं. एक टन लॅक्टिक आम्लामागे जवळपास एक टन जिप्सम. प्रकल्प अहवालात या ढिगाला जागा आणि गिऱ्हाईक दाखवलेलं नसेल तर तो अहवाल अर्धाच आहे. आम्ल सोसणारं यीस्ट वापरून चुना टाळण्याची वाट आहे, पण कच्च्या बगॅसच्या रसात ते यीस्ट टिकवणं वेगळीच कसरत आहे. झायलोजचंही असंच. नेहमीचे बरेच जिवाणू ते खाताना अर्धं लॅक्टिक आणि अर्धं ॲसेटिक आम्ल करतात. बॅसिलस कोॲग्युलन्स हा जिवाणू मात्र झायलोजपासूनही जवळजवळ निव्वळ लॅक्टिक आम्ल देतो आणि ५० अंशांवर मजेत वाढतो. त्यामुळे विकरं आणि जिवाणू एकाच टाकीत कामाला लावता येतात.

आता मुख्य गोष्ट. लॅक्टिक आम्लाच्या रेणूच्या एका टोकाला आम्लगट असतो, दुसऱ्या बाजूला हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी. एकाचा आम्लगट दुसऱ्याच्या हायड्रॉक्सिलला भिडला की बंध जुळतो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. म्हणजे आम्ल तापवत राहायचं, पाणी उडवत राहायचं, साखळी लांबत जाईल. पण तसं होत नाही. गुऱ्हाळातली काकवी आठवा. पाक घट्ट होत जातो तशी आतली वाफ बाहेर पडायला धडपडते, बुडबुडे मोठे आणि संथ होतात. इथेही साखळ्या लांबल्या की द्रव इतका दाट होतो की शेवटचं पाणी निघतच नाही, आणि अडकलेलं पाणी तयार झालेले बंध परत तोडू लागतं. जोडणं आणि तुटणं बरोबरीला येतं. साखळी काही डझन कड्यांवर थांबते. कप करायचा तर चौदाशेच्या वर कड्या लागतात.

यावरची युक्ती फार देखणी आहे. आखूड साखळ्या पुढे वाढवण्याचा हट्टच सोडून द्यायचा. त्यांना कथिलाच्या उत्प्रेरकाबरोबर निर्वातात २०० अंशांच्या आसपास तापवायचं. तिथे साखळीचं टोक मागे वळून आपल्याच अंगाला चावतं आणि दोन कड्यांचं एक बंद कडं सुटून निघतं. हे लॅक्टाइड. दोन आम्लरेणू एकमेकांना दोन्ही टोकांनी धरून बसलेले, दोन पाणी आधीच टाकून दिलेले. कडं लहान असल्यामुळे ते वाफ होऊन वर जातं, पाणी आणि आम्ल वेगळं काढता येतं, आणि स्फटिक करून ते हवं तितकं शुद्ध करता येतं. मग पुन्हा कथिलाच्या उत्प्रेरकाने ते कडं उघडायचं. उघडलेलं कडं शेजारच्याला जोडलं जातं, तो पुढच्याला, आणि या जोडणीत पाणी सुटतच नाही, कारण टाकायचं पाणी आधीच टाकून झालेलं आहे. साखळी सरसर हजारो कड्यांपर्यंत जाते. इथे आणखी एक बारकावा आहे. लॅक्टिक आम्लाचे डावा आणि उजवा हात असावेत तसे दोन आकार असतात, एल आणि डी. सगळे एल असतील तर साखळ्या नीट रचून बसतात आणि वितळणबिंदू १७५ अंशांच्या आसपास जातो. डी मिसळत गेले की रचना बिघडते, आणि दहा-बारा टक्क्यांच्या पुढे स्फटिक बनणंच थांबतं. म्हणून चुकीचा जिवाणू निवडला किंवा लॅक्टाइड फार वेळ तापवलं, तर प्लास्टिक तयार होतं पण कामाचं राहत नाही.

काढलेलं पाणी परत शिरायला टपलेलंच असतं. साधा हिशेब करू. साखळीचा सरासरी रेणुभार एक लाख धरला तर एक किलो पीएलएमध्ये १० मिलिमोल साखळ्या असतात (मोल हे रेणू मोजायचं माप, मिलिमोल त्याचा हजारावा भाग). १० मिलिमोल पाणी म्हणजे १८० मिलिग्रॅम, तीन-चार थेंब. एवढ्या पाण्याचा प्रत्येक रेणू एकेक बंध तोडता झाला तर साखळ्यांची संख्या दुप्पट होते आणि सरासरी लांबी निम्मी. एक किलो मालाची ताकद तीन-चार थेंबांत जाऊ शकते! दाणे वितळवणाऱ्या यंत्रातल्या दोन-तीन मिनिटांत सगळं पाणी काम साधत नाही, म्हणून दाण्यांत २५० पीपीएमपेक्षा, म्हणजे किलोमागे २५० मिलिग्रॅमपेक्षा, कमी ओल असली तरी चालतं. पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या शेडमध्ये पोतं उघडं राहिलं तर ती मर्यादा लगेच ओलांडली जाते. एरवी पॉलिथिनवर हात बसलेला कारागीर इथे हमखास फसतो. माल पातळ वाहतो, पिवळसर पडतो, कप दाबला की तडकतो. दाणे ८० अंशांवर चारेक तास सुकवायचे असतात. पण स्फटिक न झालेला चुरा त्याच ८० अंशांवर टाकला तर सुकण्याऐवजी त्याचा एक गोळा होतो आणि हॉपरमधून, म्हणजे दाणे ओतायच्या नरसाळ्यातून, फोडून काढावा लागतो.

तो गोळा का होतो? ६० अंशांच्या खाली पीएलएच्या साखळ्या काचेसारख्या थिजलेल्या असतात. वर गेलं की त्या हलू लागतात, म्हणून दाणे चिकटतात आणि म्हणूनच चहाचा कप बसतो. कुजण्याची किल्लीही हीच. साखळ्या हलल्या की पाणी आत शिरतं आणि बंध तोडू लागतं. तुटलेल्या प्रत्येक टोकाला नवा आम्लगट येतो आणि तो पुढची तोड वाढवतो. जिवाणूंना या टप्प्यावर काही करता येत नाही, इतकी लांब साखळी त्यांच्या तोंडात मावत नाही. साखळी दहा-वीस हजार रेणुभारापर्यंत आखूड झाली की मग ते ताव मारतात. म्हणून ‘कंपोस्टेबल’च्या प्रमाणित चाचणीत ढीग ५८ अंशांवर ठेवतात. बारा आठवड्यांत तुकडे झाले पाहिजेत, आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. गच्चीवरची कुंडी जेमतेम ३५-४० अंश गाठते. तिथे कप वर्षानुवर्षं पडून राहील. समुद्रातही तेच.

‘नैसर्गिक आहे, म्हणजे आपोआप मातीत जाणार’ ही श्रद्धा इथे सोडावी लागते. झाडाचाच चीक असलेला अंबर कोट्यवधी वर्षं टिकतो. बाजारातल्या बहुतेक ‘मक्याच्या’ पिशव्यांत तर मोठा वाटा पीबीएटी या खनिज तेलापासून केलेल्या पॉलिमरचा असतो. तो कुजतो हे खरं, पण तो मक्यातून आलेला नसतो. आणि ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलं जाणारं प्लास्टिक म्हणजे साध्या पॉलिथिनमध्ये धातूचे क्षार घातलेले. त्याचा चुरा होतो आणि तो चुरा राहतो. युरोपीय संघाने २०२१ पासून त्याच्या वस्तूंवर बंदी घातली आहे.

धंद्याचा हिशेब असा बसतो. १०० किलो कोरड्या बगॅसमधलं सेल्युलोज ४२ किलो. त्याचं ८० टक्के फोडता आलं तर ग्लुकोज ३७ किलो, लॅक्टिक आम्ल ३३, आणि पाणी काढून, घट वजा जाता पीएलए सुमारे २४ किलो. झायलोज वापरता आलं तर यात आणखी भर. पण कारखान्यासाठी बगॅस हा कचरा नाहीच, ते बॉयलरचं इंधन आहे आणि सहवीजनिर्मितीतून त्याचे पैसे होतात. बाजूला काढलेल्या प्रत्येक टनाची वाफ दुसरीकडून आणावी लागेल. उरलेलं लिग्निन जाळून त्यातला काही भाग भरून निघतो. जिथे शेतात पाचट पेटवलं जातं तिथे ते गोळा करून आणणं कागदावर सोपं दिसतं, पण फुलून बसणारा हलका माल वाहण्यातच डिझेल जातं. ताटं आणि वाट्या हव्या असतील तर एवढा खटाटोप करूच नये. बगॅसचा लगदा साच्यात दाबून वाळवला की झालं, आणि ती वाटी खतकुंडीतही कुजते. पीएलए राखून ठेवावं ते जिथे पारदर्शक, पाणी न झिरपणारी किंवा पातळ ताणलेली वस्तू लागते तिथे.

आणि कुजवायचं कुठे, हे विकण्याआधी ठरवावं लागतं. पीएलएचा कप पेट बाटल्यांच्या भंगारात गेला तर पेट सुकवण्याच्या १६० अंशांच्या आसपास तो वितळून चिकटतो आणि चांगला माल बिघडवतो. ज्या साखर कारखान्यांत अजून प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारी मळी) आणि स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) मिसळून बायोकंपोस्ट करतात, तिथे यार्डात लांबच लांब ढीग घातलेले असतात, यंत्राने उलटवलेले, वाफाळणारे. ते सुरुवातीचे काही आठवडे ६० अंशांच्या वर सहज जातात. हवी ती भट्टी तिथे आधीच पेटलेली आहे. तिथल्या कॅन्टीनचे आणि आसपासच्या गावांतल्या समारंभांचे कप आधी तुकडे करून ढीग घालतानाच मिसळावे लागतील, उशिरा टाकले तर उष्णता ओसरलेली असते. आणि बायोकंपोस्टची पाळी ४५ ते ६० दिवसांची, पीएलएला लागतात ८४ पर्यंत. चाळणीवर उरलेले तुकडे पुढच्या ढिगात परत घालावे लागतील.