प्रतीक्षा कालावधी माफी (परस्पर संमतीने घटस्फोट)

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १३-ब नुसार पती-पत्नींनी मिळून घटस्फोटाचा अर्ज केल्यास हुकूमनाम्यापूर्वी (घटस्फोट देणाऱ्या न्यायालयाच्या अंतिम निर्णयापूर्वी) किमान सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणात न्यायालय हा काळ माफ करू शकते. वकिलांच्या बोलण्यात या सहा महिन्यांना ‘कूलिंग पिरियड’ म्हणतात.

मूळ १९५५ च्या अधिनियमात संमतीने घटस्फोटाची तरतूद नव्हती. विशेष विवाह अधिनियम, १९५४ च्या कलम २८ मध्ये ती आरंभापासून होती आणि तेथे थांबण्याचा काळ एक वर्षाचा होता. विवाह कायदे (सुधारणा) अधिनियम, १९७६ ने कलम १३-ब आणले आणि कलम २८ मधील मुदतही सहा महिन्यांवर आणली. दोन्ही कलमांची शब्दरचना पाहता १३-ब चा साचा २८ वरूनच घेतला असावा.

पोटकलम (१) नुसार दाम्पत्य किमान एक वर्ष विभक्त राहत असले पाहिजे. पोटकलम (२) नुसार अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांनंतर व अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा विनंती करावयाची असते. तिला ‘सेकंड मोशन’ म्हणतात. वाद या सहा महिन्यांच्या स्वरूपाचा आहे: मुदत बंधनकारक की केवळ निर्देशात्मक, म्हणजे योग्य कारण असल्यास न्यायालयाला शिथिल करता येणारी? आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच ती निर्देशात्मक मानली होती. इतर काही न्यायालयांनी कलमातील शब्द स्पष्ट आहेत, ते न्यायालयाला वळवता येणार नाहीत, अशी भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अनिल कुमार जैन प्रकरणात असा मार्ग काढला, की संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली (संपूर्ण न्यायासाठी आवश्यक ते आदेश देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा विशेष अधिकार) फक्त तेच न्यायालय ही मुदत ओलांडू शकते. त्यामुळे दिल्लीपर्यंत जाणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्यासाठी सवलत कागदावरच राहिली.

१२ सप्टेंबर २०१७ रोजी अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने मुदत निर्देशात्मक ठरवली आणि माफीचा अधिकार कौटुंबिक न्यायालयापर्यंत पोहोचला. अट अशी, की एक वर्षाच्या विभक्तपणाखेरीज आणखी सहा महिने पहिल्या अर्जापूर्वीच उलटलेले असावेत, म्हणजे एकूण दीड वर्ष. समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत. पोटगी, मुलांचा ताबा आणि इतर प्रलंबित बाबी खरोखर मिटलेल्या असाव्यात. आणि थांबण्याने केवळ यातना लांबत असाव्यात. माफीचा अर्ज पहिल्या विनंतीनंतर आठवड्याने करता येतो. २०२१ च्या अमित कुमार निकालाने या अटी केवळ उदाहरणादाखल आहेत, न्यायालयाने प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती पाहावी, असे स्पष्ट केले. कलमाच्या हेतूशी हे वाचन अधिक सुसंगत वाटते. एक वर्षाच्या अटीला २०१७ च्या निकालाने हात लावलेला नाही.

प्रत्यक्षात माफीच्या अर्जाला समुपदेशकाचा अहवाल आणि संमतीपत्र जोडतात. स्त्रीधन परत मिळाले का, एकमेकांविरुद्धच्या तक्रारी मागे घेतल्या जाणार का, पोटगीची रक्कम कधी आणि कशी चुकती होणार, हे संमतीपत्रात लिहिलेले असते. न्यायाधीश दोघांना विचारून स्वेच्छेची खात्री करतात. ही चौकशी माफीने टळत नाही.

येथे एक बाब वारंवार दुर्लक्षिली जाते. सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश (१९९१) या निकालानुसार संमती हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे आणि तोवर कोणताही पक्ष ती मागे घेऊ शकतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच मत कायम ठेवले. म्हणजे सहा महिने हे संमती मागे घेण्यासाठी मिळालेले अवकाशही आहेत. उत्पन्न नसलेल्या किंवा माहेरचा आधार तुटलेल्या पत्नीने दबावाखाली सही केली असेल, तर हा अवकाश तिचे मोठे संरक्षण असते. म्हणून माफी हा पक्षकारांचा हक्क नसून न्यायालयाचा विवेकाधिकार मानणे योग्य ठरते.

शिल्पा सैलेश (१ मे २०२३) या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुच्छेद १४२ खाली ही मुदत ओलांडण्याचा अधिकार मान्य केला. विवाह पूर्णतः मोडला असल्यास संमतीविनाही तो संपवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अधिकारही त्यात मान्य झाला. मात्र त्यासाठी थेट रिट याचिका करता येत नाही.

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २९(२) ने राखलेल्या रूढीच्या घटस्फोटाला (महाराष्ट्रात काडीमोड) हा कालावधी लागू नाही; मात्र तशी रूढी असल्याचे सिद्ध करावे लागते.