मागे राहिलेले टेक : अप्रकाशित रॅपचा अल्बम कसा उभा राहतो

कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीतला किंवा कळव्याच्या चाळीतला एखादा रॅपर अचानक गेला आणि मित्रांनी त्याचा लॅपटॉप उघडला, की आत सापडतं ते बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. ‘न्यू फोल्डर’, त्याच्या पोटात ‘न्यू फोल्डर २’, त्यात ‘व्हर्स फायनल’, ‘व्हर्स फायनल खरंच’ अशा नावांच्या फायली. एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरचे काही प्रोजेक्ट, जे उघडताना सॅम्पल, म्हणजे बीटमध्ये वापरलेले आवाजाचे तुकडे, सापडत नाहीत म्हणून कुरकुरतात. पुष्कळशा एमपीथ्री, ज्यांत बीट, म्हणजे मागचं संगीत, आणि आवाज एकजीव झालेत. बाकीचं फोनमध्ये, व्हॉइस नोट म्हणून. तेराव्याच्या आत कुणीतरी म्हणतंच, ‘भावाचा अख्खा अल्बम पडलाय.’ अल्बम पडलेला नसतो. पडलेले असतात ते टेक, म्हणजे एकेका वेळी मुद्रित केलेला आवाज, आणि ते कोणत्या अवस्थेत आहेत यावर पुढचं सगळं ठरतं.

अवस्था तीन. एक, कलाकाराने काम स्वतः पुरं केलंय, फक्त प्रकाशन राहिलंय. दुसरी, आवाज पुरा आहे, संगीत अर्धं आहे, पण ते कुठे न्यायचं हे सोबत बसणाऱ्याला ठाऊक आहे. तिसरी, नुसती सुटी कडवी. ना हूक (पुन्हा पुन्हा येणारी ओळ), ना बीट, ना क्रम. कलाकारामागे निघालेल्या रॅप अल्बमांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास म्हणजे पहिल्या अवस्थेकडून तिसरीकडे होत गेलेली घसरण आहे.

अमेरिकन रॅपर टुपाक शकूरवर लास व्हेगासमध्ये ७ सप्टेंबर १९९६ ला गोळीबार झाला, १३ तारखेला तो गेला. ५ नोव्हेंबरला ‘द डॉन किलुमिनाटी’ बाजारात होता. घाई वाटते, पण तो ऑगस्टमध्येच रेकॉर्ड झाला होता. त्याचा समकालीन रॅपर नोटोरियस बीआयजी ९ मार्च १९९७ ला मारला गेला आणि ‘लाइफ आफ्टर डेथ’ सोळा दिवसांनी, २५ मार्चला आला. तोही तयारच होता. यात कुणाला काही जोडावं लागलं नाही. खरा पेच त्यानंतरचा. टुपाक झपाट्याने रेकॉर्ड करायचा, त्यामुळे साठा मोठा होता. त्याची आई अफेनी शकूर हिने अमारू ही कंपनी काढून १९९७ च्या अखेरीस जुन्या रेकॉर्डिंगचा दुहेरी अल्बम काढला. २००४ च्या ‘लॉयल टू द गेम’पर्यंत मात्र गोष्ट इथवर आली की एमिनेमने नवे बीट बनवले आणि त्यांत बसवायला टुपाकच्या आवाजाची गती आणि पट्टी बदलली. ऐकताना काहीतरी खटकतं, ते हेच. बीआयजीचा साठा मुळातच तुटपुंजा. १९९९ आणि २००५ च्या अल्बमांत त्याची जुनी कडवी आणि भोवती पाहुण्यांची गर्दी असा प्रकार झाला.

दुसऱ्या अवस्थेतलं काम नीट झाल्याचे दाखले कमी आहेत, पण आहेत. बीट बनवणारा जे डिला फेब्रुवारी २००६ मध्ये गेला. ‘द शायनिंग’ अर्ध्याहून बराच पुढे गेला होता, तो ड्रमर करीम रिगिन्सने पुरा केला. रॅपर मॅक मिलर सप्टेंबर २०१८ मध्ये गेला तेव्हा निर्माता जॉन ब्रायन त्याच्यासोबत ‘सर्कल्स’वर काम करतच होता; तो १७ जानेवारी २०२० ला आला आणि पाहुण्यांची जत्रा न भरवता आला. दोन्हीकडे काम पुरं करणारा माणूस आधीपासून खोलीत होता. अल्बम चांगला व्हायला यापलीकडे फारसं रहस्य नाही.

आपल्याकडे हा विषय मोठा झाला तो पंजाबी रॅपर सिद्धू मूसेवालामुळे. २९ मे २०२२ ला त्याची हत्या झाली. २३ जूनला ‘एसवायएल’ आलं आणि काही दिवसांतच भारतात यूट्यूबवरून गेलं. घरच्यांनी पुढची गाणी एकदम ओतली नाहीत, थोडी थोडी करून सोडली. तीन गाण्यांचा ‘मूस प्रिंट’ त्याच्या वाढदिवशी, ११ जून २०२५ ला आला. मध्येच मानसाच्या न्यायालयाने आई-वडिलांच्या अर्जावर एका गाण्याचं प्रकाशन थांबवलंही. पंजाबातल्या या घराने जे केलं त्यातली मेख अशी की न आलेली गाणी ज्यांच्या-ज्यांच्याकडे होती, त्यांना ती वडिलांकडे आणून द्यायला आधी सांगितलं. मुंबईतही हे लांबचं राहिलं नव्हतं. ‘स्वदेशी’ या चमूतला गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये चोविसाव्या वर्षी गेला होता.

ठाणे-नवी मुंबईत मागे राहतं ते बहुतांशी तिसऱ्या अवस्थेतलं. त्याला कारण इथल्या रेकॉर्डिंगची रीत. आगरी-कोळी गाण्यांच्या, हळदीच्या कॅसेटी इथे पूर्वीपासून निघत. बेंजोवाले, गायक सगळे एका खोलीत बसायचे आणि जे व्हायचं ते एका दमात व्हायचं. रॅपची पोरं आली ती वेगळ्या वाटेने. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं, २०१९ मध्ये ‘गली बॉय’ आला, आणि यूट्यूबवरचा टाइप बीट, म्हणजे एखाद्या नामांकित रॅपरच्या ढंगातला तयार बीट, उतरवून घरी यूएसबी माइकवर बोलायचं ही पद्धत पडली. ज्याच्याकडे माइक त्याच्याकडे सगळे. ठाणे-वाशी लोकल पकडायची, घणसोली-रबाळ्याला उतरायचं, तासाचे पैसे द्यायचे आणि जाताना एमपीथ्री घेऊन यायचं. मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक आवाज सुटा ठेवलेलं मुद्रण, मागायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे. तो स्टुडिओवाल्याच्या डिस्कवर राहायचा, आणि डिस्क भरली की उडायचा.

म्हणून शोधाची सुरुवात लॅपटॉपपासून करू नये, माइकवाल्यापासून करावी. सुटा आवाज, म्हणजे ड्राय व्होकल, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ मोनोमध्ये मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा खातो. चार मिनिटांचा एक टेक जेमतेम पस्तीस एमबी. मुख्य आवाज, डबल (त्याच ओळी पुन्हा म्हटलेल्या), ॲडलिब (मधले उद्गार) धरून अख्खं गाणं दीड-दोनशे एमबीत मावतं. एवढं मिळालं तर निम्मं काम झालं. डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती बंद करून जाणकाराकडे द्यायची, पुन्हा पुन्हा लावून बघायची नाही. साधी खराब असेल तर आधी तिची हुबेहूब प्रत काढायची आणि पुसलेल्या फायली शोधायचं सॉफ्टवेअर त्या प्रतीवर चालवायचं. मूळ डिस्कवरच ते चढवलं तर पुसलेल्या फायलींच्या जागेवर तेच लिहिलं जातं.

मिळालेल्या फायलींतली एक चूक इतकी नेहमीची आहे की सांगायलाच हवी. ४८ किलोहर्ट्झवर बोललेला टेक ४४.१ च्या प्रोजेक्टमध्ये न बदलता वाजला, तर तो सुमारे ८ टक्के संथ होतो आणि आवाज जवळपास दीड सेमिटोन खाली जातो, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून कीबोर्डच्या दीड पट्टीएवढा. पोराचा आवाज भारदस्त वाटतो, ऐकणारे खूश होतात, ‘काय बेस होता रे याचा’ म्हणतात आणि त्यावरच बीट बनवून मोकळे होतात. नंतर आईला ऐकवलं की ती म्हणते, हा त्याचा आवाज नाही. तिचंच बरोबर असतं.

एकजीव एमपीथ्रीचं काय? तोच बीट जसाच्या तसा हाती लागला, तर त्याची ध्रुवता उलटी करून, म्हणजे ध्वनिलहर वरची खाली करून, ती मूळ फायलीवर क्षणाचाही फरक न ठेवता बसवायची. बीट वजा होतो, आवाज उरतो. पुस्तकात सोपं आहे. प्रत्यक्षात मास्टरवर, म्हणजे शेवटच्या मिश्रणावर, लिमिटर (चढा आवाज दाबणारं साधन) लावलेला असतो, वर एमपीथ्रीचं आकुंचन, त्यामुळे तळाशी पाण्यात बुडबुडे यावेत तसा गाळ राहतो. २०१९ मध्ये डीझर या संगीत कंपनीने स्प्लीटर हे सॉफ्टवेअर खुलं केलं आणि मेटाचं (तेव्हाच्या फेसबुकचं) डेमक्सही त्याच सुमारास आलं, तेव्हापासून आवाज वेगळा काढणं घरी जमू लागलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये जॉन लेननच्या सत्तरच्या दशकातल्या कॅसेटवरून बीटल्सचं शेवटचं गाणं निघालं तेही याच जातीच्या तंत्राने. मात्र रॅपमध्ये हाय-हॅट आणि ‘स’, ‘श’, ‘च’ एकाच उंचीवर राहतात. हॅट काढताना व्यंजनांच्या कडा जातात, आणि मराठी रॅपमध्ये कडा गेल्या तर उरतं काय? म्हणून असा काढलेला आवाज उघडा ठेवत नाहीत. नव्या बीटमध्येही त्याच जागी हॅट ठेवतात, म्हणजे जखम झाकली जाते.

गतीचंही तसंच. ९० बीपीएमवर (मिनिटाला ९० ठोके) बोललेलं कडवं ९३-९४ पर्यंत ताणलेलं खपतं. १०० वर नेलं की श्वास आखूड होतात आणि शब्दांचे शेवट किरकिरतात. त्याहून वाईट म्हणजे बोल ग्रिडवर, सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या आखणीवर, सरळ करणं. जो रॅपर ठोक्याच्या किंचित मागे बोलायचा, त्याला ठोक्यावर आणून बसवलं की तो दुसराच कुणीतरी होतो. बीट आवाजापाशी यावा, आवाज बीटपाशी नेऊ नये.

घरच्या टेकमध्ये पंख्याची घरघर, ५० हर्ट्झची वीजगुणगुण, जूनमधला पत्र्यावरचा पाऊस, शेजारच्या कुकरची शिट्टी हे सगळं असतं. गुणगुण ५०, १००, १५० वर अरुंद फिल्टर लावून जाते. फिल्टर रुंद केला तर १०० ते १५० मधलं पुरुषी आवाजाचं मांस त्यासोबत जातं. पंखा थोडा राहू द्यावा. डीनॉइझ, म्हणजे गोंगाट काढायचं साधन, जोरात चालवलं की माणूस पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा वाटतो, आणि ते पंख्यापेक्षा कितीतरी जास्त टोचतं.

आता कागद, जिथे बहुतेक अल्बम अडतात. शब्दांचा हक्क रॅपरचा, त्यामागे वारसांचा. मुलगा अविवाहित, मृत्युपत्र नाही, तर हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे (बौद्ध, जैन, शीख घरांनाही तोच लागू) पहिल्या वर्गातली वारस आई. वडील दुसऱ्या वर्गात येतात. म्हणजे आई हयात असेल तर सगळं तिचं. आपल्याकडे कागद फिरतो बाबांच्या सहीसाठी. ती सही कितीही आदराने घेतली तरी हक्क देत नाही. लग्न झालेलं असेल तर बायको, मुलं आणि आई समान. मुस्लिम किंवा ख्रिस्ती घरात हिशोब निराळा. ध्वनिमुद्रणाचा हक्क शब्दांपासून वेगळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन मुद्रण केलं तो निर्माता आणि तोच मालक. रॅपरने तासाचे पैसे मोजले असतील तर त्याची बाजू भक्कम. स्टुडिओवाल्याने मैत्रीखातर फुकट केलं असेल तर वाद जागेवर तयार. डिस्क ज्याच्या घरी तो मालक, हा समज मात्र साफ चुकीचा. हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश लिहिला नाही, तर कायदा पाच वर्षं आणि भारत एवढंच धरतो. हे काही वेळा घरच्यांच्या पथ्यावरच पडतं.

बीटचा कागद सगळ्यात कच्चा. फुकट उतरवलेल्या टाइप बीटवर बहुधा ‘विनानफा वापरासाठीच’ अशी अट असते; लीज, म्हणजे वापराचा परवाना, घेतली असेल तर ती रॅपरच्या नावावर, ठरावीक स्ट्रीमपुरती. दरम्यान तोच बीट कुणी एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकट्याच्या हक्काने, विकत घेतला असेल, तर गाणं चढवल्याच्या दुसऱ्या दिवशी यूट्यूबच्या कंटेंट आयडी या हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेतून दावा येतो आणि पैसे तिकडे वळतात. म्हणून शहाणे लोक सुटा आवाज मिळाला की ओळखीच्या प्रोड्युसरकडून नवा बीट बनवून घेतात, जुन्याच गतीचा.

घड्याळ मात्र फोनचं चालू असतं. सिम नव्वद दिवस वापरात नसेल तर कंपनी ते बंद करू शकते, मग ओटीपी येणार कुठे? व्हॉट्सॲप खातं १२० दिवस निष्क्रिय राहिलं की जातं. गुगल खात्याला दोन वर्षं मिळतात, ड्राइव्हसकट. गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या काही वितरकांकडे वार्षिक वर्गणी थकली की आधी आलेली गाणीही उतरतात. म्हणून पहिल्या महिन्यात करायचं काम हेच : सिम रिचार्ज, ड्राइव्हची प्रत, वितरकाची वर्गणी. बीट-मिक्सचं नंतर. व्हॉइस नोट एकमेकांना पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवाव्यात, म्हणजे फाइल आहे तशी पोहोचते.

उरले शब्द. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या होत्या. मुलगा सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापली गेली, खानदेशी बोलीतच. शाळेच्या मराठीत ती बसवली असती तर आज कुणी ती म्हटली असती का? आगरी पोराच्या रॅपची लिरिक शीट करताना हीच कसोटी लागते. त्याने ‘होरी’ म्हटलं असेल आणि पुढे ‘गोरी’ आलं असेल, तर टायपिंग करणारा सुशिक्षित मित्र हमखास ‘होडी’ करतो आणि यमकाचा गळा घोटतो. ‘पानी’ला ‘पाणी’ करू नये. वहीत आणि टेकमध्ये फरक असेल तर टेक धरावा. तो नंतरचा असतो.

तारीख लावताना फायलीच्या ‘क्रिएटेड’वर जाऊ नये, कॉपी केली की ती बदलते. ‘मॉडिफाइड’ बरी. टाइप बीट यूट्यूबवर कधी चढला ते बघितलं की त्यावरचा टेक त्याआधीचा नाही एवढं बहुधा नक्की होतं. हे सगळं श्रेयनामावलीत यावं : आवाज कधीचा, बीट मूळचा की नंतरचा, हूक कुणी म्हटला, गती बदलली असेल तर किती. आणि जे कडवं सव्वा मिनिटावर तुटतं, त्याला पाहुणा शोधून तीन मिनिटांचं करण्यापेक्षा सव्वा मिनिटाचंच ठेवावं, पंखा चालू असताना खुर्ची सरकल्याच्या आवाजासकट.